वांग्याला पडलेले भोक

सांगलीच्या मंडईत वांगी निवडणाऱ्या माणसाचे हात जरा थांबून पाहावेत. तो देठाचे काटे चुकवून वांगे उचलतो, गोल फिरवतो, अंगठ्याने दाबून पाहतो आणि कुठे ज्वारीच्या दाण्याएवढे जरी भोक दिसले तरी ते मुकाट्याने ढिगात परत ठेवतो. लग्नानंतरची तीस वर्षे मीही हेच करत आले. भोक असलेले वांगे किडके आणि तुकतुकीत ते चांगले, हा हिशेब इतका उघड होता की त्याबद्दल शंका घ्यावी असे कधी वाटलेच नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात स्वतः भाजी लावू लागले, तेव्हा या हिशेबातली चूक हळूहळू कळत गेली, आणि सेंद्रिय भाजीचे फायदे कोणी विचारले की आजही मला सर्वांत आधी ते भोकच आठवते.

माझे माहेर कृष्णाकाठचे. तिथली वांगी नावाजलेली, आणि ती का नावाजलेली हे आमच्या आजीला कुणी शिकवावे लागले नव्हते. पावसाळ्यात नदी मळीच्या रानात शिरायची, ओसरताना बारीक गाळाचा थर मागे ठेवायची आणि त्या थरात लावलेल्या वांग्यांना वेगळे खत फारसे द्यावे लागायचे नाही. घरामागच्या परसातही सगळी वाटणी ठरलेली असे. न्हाणीचे पाणी अळूला आणि केळीला, चुलीतली राख वांग्याच्या आणि दोडक्याच्या पानांवर, गोठ्यातले शेण उकिरड्यात आणि मुरलेला उकिरडा उन्हाळ्यात रानात. ‘सेंद्रिय’ हा शब्द तिने उभ्या जन्मात उच्चारला नसेल. जुने ते सगळे सोने होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच परसात एखाद्या वर्षी मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीने चवळीचा वेल काळा पडायचा आणि ‘औंदा पीडा आली’ एवढे म्हणून आजी त्याचा नाद सोडून द्यायची.

माझ्या वाट्याला मळी आली नाही. घर बांधताना उरलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे यांनी भरलेली ती साडेपाचशे चौरस फुटांची जागा होती. कुदळ मारली की ठिणगी उडायची. वरचा फूटभर राडारोडा काढून दोन ट्रॉली काळी माती आणून टाकली आणि पहिल्याच हंगामात, उत्साहाच्या भरात, दोन चुका केल्या. आमच्या भागात ऊस तुटला की पाचट पेटवून देतात आणि हिवाळ्याच्या रात्री रानारानांतून जाळ दिसतात. ते पाचट जाळण्याऐवजी मातीत का जाऊ नये, असे वाटून मी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पाचटाचे भारे आणले, कोयत्याने तोडले आणि वाफ्यांच्या मातीत चांगले मिसळून टाकले. दुसरी चूक म्हणजे गवळ्याकडचे शेण न मुरवता, तसेच ओले, वाफ्यांत घातले.

महिन्याभरात वांग्याची आणि मिरचीची रोपे पिवळी पडली. पाचटात कर्ब, म्हणजे कार्बन, भरमसाट असतो आणि नत्र, म्हणजे नायट्रोजन, अगदी थोडे. त्यामुळे ते कुजवायला लागलेले सूक्ष्मजीव स्वतःपुरते नत्र भोवतालच्या मातीतून ओढून घेतात आणि शेजारी उभे असलेले रोप उपाशी राहते. कर्बाचे साधारण तीस भाग आणि नत्राचा एक भाग, असे प्रमाण साधले तर कुजण्याचे काम नीट चालते, हे मला नंतर समजले. पाचट मातीत गाडण्याऐवजी नुसते वर अंथरले असते तर उन्हापासून मातीचे रक्षण झाले असते आणि ते सावकाश खालून कुजतही गेले असते. शेणाची शिक्षा त्याहून वाईट होती. एके सकाळी सुकलेले वांग्याचे रोप सहज ओढून पाहिले, तर ते मुळांवाचून हातात आले आणि खालच्या मातीत पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळात वळलेली, मुळे खाणारी हुमणी अळी सापडली. कच्च्या शेणातून हुमणी रानात येते, हे इथल्या कोणत्याही ऊस उत्पादकाने मला फुकट सांगितले असते. मी विचारले नव्हते.

या दोन फजितींनी एक गोष्ट शिकवली, आणि माझ्या मते सेंद्रिय पद्धतीचा पहिला फायदा तोच आहे. रासायनिक खत थेट मुळाशी अन्न नेऊन पोचवते, त्यामुळे माती कशीही असली तरी काही काळ काम भागते आणि मातीकडे पाहायची गरजच पडत नाही. सेंद्रिय पद्धतीत असा जवळचा रस्ता नाही. मातीतल्या जीवांनी खाल्ल्यावाचून आणि पचवल्यावाचून झाडाला काही मिळत नाही, म्हणून झाडाचे कोडकौतुक सोडून माणसाला आधी मातीची काळजी घ्यावी लागते. दुसऱ्या वर्षी मी काहीही लावले नाही. कोपऱ्यात सुट्या विटांचा एक लहानसा नाडेप हौद रचला आणि वर्षभर फक्त तोच भरत राहिले.

नाडेप हा शब्द अनेकांना परदेशी वाटतो. तो पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आला आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असा विटांचा हौद, हवा खेळावी म्हणून भिंतींत ठेवलेली भोके, आणि आत पालापाचोळा, शेणाचे पाणी व माती यांचे थर, अशी ही साधी रचना असून थोड्या शेणात पुष्कळ खत हे तिचे मर्म आहे. माझा हौद त्याच्या पावपट असेल. त्याआधी कितीतरी वर्षे, 1924 ते 1931 या काळात, अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरला होते आणि इथल्या शेतकऱ्यांच्या उकिरड्यावरच अभ्यास करून त्यांनी कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. हॉवर्ड इथल्या शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना आपले शिक्षक मानत असत. शेतकरी शिक्षक हे पटण्यासारखे होते. कीड शिक्षक कशी, हे मला वांग्याच्या अळीने दाखवले.

तिसऱ्या वर्षी वांगी जोमाने आली. ऑक्टोबरातल्या एका दुपारी पाहते तो हिरव्यागार झाडाच्या एकाच फांदीच्या शेंड्याने मान टाकलेली. पाणी भरपूर होते आणि बाकीचे झाड ताठ होते. तो शेंडा मोडून नखाने उभा चिरला तेव्हा आतल्या पोकळीत फिकट गुलाबी अळी निवांत बसलेली होती. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हे तिचे शेतकी पुस्तकातले नाव. पतंग कोवळ्या पानांवर अंडी घालतो, अंड्यातून निघालेली सुतासारखी अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते आणि शिरताना पडलेले बारीक छिद्र तिच्याच विष्ठेने बुजते. आत ती पोटभर खाते आणि कोष करायची वेळ आली की मोठे भोक पाडून बाहेर पडते. म्हणजे मंडईत आपण ज्या भोकाला भितो ते बहुतेक वेळा तिच्या जाण्याचे भोक असते, येण्याचे नव्हे. बाहेरून अगदी तुकतुकीत दिसणाऱ्या वांग्यात ती अजून मुक्कामाला असू शकते. माझ्या तीस वर्षांच्या निवडीतली मेख ही होती.

या अळीच्या सवयीतच सगळा घोटाळा आहे. ती एकदा आत शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. तिला गाठायचे तर ती अंड्यातून निघून शिरेपर्यंतच्या थोड्या वेळात गाठावे लागते, आणि पतंग तर रोजच अंडी घालत असतो. म्हणून फवारणीमागून फवारणी करत राहावे लागते. आमच्या वसाहतीपलीकडे एक गृहस्थ दोन एकरांत भाजीपाला करतात. त्यांच्या मळ्यात एकदा मी औषधाचा रिकामा डबा हातात घेऊन वाचत उभी राहिले. डब्यावर रंगीत त्रिकोण होता: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. त्याच्या शेजारी, भिंग लावून वाचावे लागेल अशा अक्षरांत, शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिले होते. वांग्याचा तोडा चार दिवसांआड असतो आणि भेंडीचा तर एक दिवसाआड. डब्यावरचे दिवस याहून जास्त असतील तर ते पाळायचे तरी कसे, असे मी त्यांना विचारले.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “काकू, भोक पडलेलं वांगं तुमी तरी घेताय का? चार भोकाची वांगी दिसली की व्यापारी अख्खं क्रेट बाजूला सारतोय. मग आमी काय करायचं?” एवढेच ते म्हणाले. परत निघताना विहिरीजवळचा एक लहान वाफा त्यांनी आपणहून दाखवला. त्यात वांगी, मिरची, कोथिंबीर आणि मेथी होती. “हे घरचं,” ते म्हणाले. त्या वाफ्यात पंप फिरत नाही. असा घरचा वाफा मी पुढे आणखीही दोनतीन मळ्यांत पाहिला, आणि शेतकरी ग्राहकाला फसवतो असा त्याचा अर्थ लावणे मला सोपे वाटले तरी न्याय्य वाटले नाही. मंडईत वांगे गोल फिरवून परत ठेवणारा हात माझाच होता.

आपल्या भाषेने याला नाव मोठे चमत्कारिक दिले आहे. विषाला आपण औषध म्हणतो. पिकावर औषध ‘मारतो’ आणि कर्जाखाली पिचलेला माणूस औषध ‘पितो’. मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला 2005 सालापासून मनाई आहे, आणि तरीही कोणत्या रानात काय मारले गेले हे भाजी हातात घेऊन सांगता येत नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सेंद्रिय भाजीच्या फायद्यांत खाणाऱ्याच्या प्रकृतीचा उल्लेख सर्वांत आधी होतो, पण पाठीवर पंप घेऊन, तोंडाला जेमतेम रुमाल बांधून, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा फायदा त्याच्याही आधी मोजायला हवा.

खाणाऱ्याच्या बाबतीत मी जरा जपूनच बोलते. सेंद्रिय भाजीत जीवनसत्त्वे दुपटीने असतात, असली वाक्ये मला पटत नाहीत. 2012 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पोषणमूल्यांत ठोस फरक त्यांना आढळला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा सापडले. दोनच वर्षांनी, 343 अभ्यास तपासणाऱ्या दुसऱ्या एका आढाव्याने सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी असल्याचे म्हटले. पोषणाचा वाद चालू राहील. विषाचे अंश कमी, यावर दोघांचेही एकमत आहे, आणि मला तेवढे पुरेसे आहे. कारण भाजी मिठाच्या पाण्यात धुतली तरी वरचे काय ते निघते, झाडाच्या रसातून आत भिनलेले आंतरप्रवाही औषध धुऊन जात नाही. चवीबद्दल मात्र मी साक्ष द्यायला तयार आहे, जरी त्या चवीचे निम्मे श्रेय सेंद्रियपणापेक्षा ताजेपणाला आहे हे मला कबूल केले पाहिजे. तासाभरापूर्वी खुडलेल्या पालकाची नुसती लसणाची फोडणी दिलेली भाजी आणि दोन दिवस गोणीत दबलेल्या पालकाची भाजी, या दोन वेगळ्या भाज्या आहेत.

फवारायचे नाही म्हटल्यावर अळीचे करायचे काय, हा प्रश्न उरलाच. रोज सकाळी चहाआधी मी वाफ्यांतून एक फेरी मारते, मान टाकलेले शेंडे कात्रीने बोटभर खालून कापते आणि ते नाडेपमध्ये न टाकता बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवते. नर पतंग पकडणारे दोन कामगंध सापळे लावले आहेत. जूनमध्ये कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवते आणि पाच टक्क्यांचा अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड या मापाने, रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारते. उन्हात त्याचा गुण टिकत नाही. एवढे करूनही दहांतली दोनतीन वांगी तिचीच. पुढे मी ती वाटणी मान्य केली. भोकाचे वांगे चिरायचे, पोखरलेला भाग काढायचा, बाकीचे भरीत उत्तम होते.

पहाटेच्या त्या फेऱ्यांत जे पाहायला मिळाले ते मी कोणत्याही भावाने विकत घेतले नसते. चवळीवर मावा आला तेव्हा त्या गर्दीत काळ्या रंगाचे, नारिंगी ठिपक्यांचे, लहानशा सुसरीसारखे दिसणारे किडे फिरताना दिसले आणि ही नवी पीडा समजून मी ते चिरडले. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, पिल्ले होती आणि ती माव्यावरच जेवत होती. आता मावा दिसला की मी आठ दिवस हात आवरून बसते, आणि बहुतेक वेळा ढालकिडे वेळेवर येतात. कडेने झेंडू आणि बडीशेप लावल्यापासून फुलोरी मधमाशा रोज असतात. पूर्वी काशीभोपळ्याच्या मादीफुलावर नरफूल घासून फळ धरवावे लागत असे, ते आता लागत नाही. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून तिच्याकडे येणारे पाहुणेही रात्रीचे, पतंग. वांग्यावर अंडी घालणारा पतंग आणि दुधीला फळ धरवणारा पतंग एकाच अंधारात फिरत असतात, हे लक्षात आल्यापासून सरसकट काही मारायची माझी हिंमत होत नाही.

मातीचा फरक मात्र चौथ्या वर्षी दिसला. पूर्वी वळवाचा पाऊस पडला की पाणी वाफ्यावरून वाहून जायचे आणि दुसऱ्या दिवशी वर पापुद्रा धरायचा. आता तेवढेच पाणी जागच्या जागी मुरते, आणि पाचटाचे आच्छादन उचलले की खाली गांडुळांच्या विष्ठेचे बारीक दाणे दिसतात. एप्रिलमध्ये एक दिवसाआड द्यावे लागणारे पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवसावर गेले. आमच्या जिल्ह्यात याचे मोल वेगळे सांगायला नको. कृष्णाकाठच्या कितीतरी चांगल्या जमिनी, पाणी आणि खताच्या मात्रा वाढत गेल्याने आणि निचरा न राहिल्याने, क्षारपड झाल्या आहेत. ज्या रानांत उसाची लावण डोक्यावर जायची तिथे उन्हाळ्यात मीठ शिंपडल्यासारखी पांढरी फुटलेली दिसते.

सेंद्रिय म्हटले की सगळे निर्धोक, हा समज मात्र खोटा आहे. आमच्याकडे कोणीतरी हमखास तंबाखूचा अर्क फवारायला सांगतो. तंबाखूतले निकोटिन हे जहाल विष आहे आणि ते झाडापासून निघते म्हणून सौम्य होत नाही. दुकानांतल्या ‘ऑर्गॅनिक’ चिठ्ठीबद्दलही माझे मत फारसे बरे नाही. कायद्याने हंगामी पिकाला सेंद्रिय म्हणवून घ्यायचे तर पेरणीआधी दोन वर्षे जमीन रसायनांपासून दूर ठेवावी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात आणि तपासणी होते; वेष्टनावर सरकारमान्य सेंद्रिय चिन्ह असते. हे काही नसताना नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर दीडपट भाव लावणाऱ्यांपेक्षा, ‘मी तीन फवारण्या केल्यात’ असे खरे सांगणारा मळेकरी मला परवडतो.

बियाणे विकत घेणे मी जवळजवळ थांबवले आहे. संकरित वांग्याचे बी धरले तर पुढच्या पिढीत झाड एकसारखे येत नाही, म्हणून माहेरहून काटेरी देठाच्या गावरान वांग्याचे बी आणले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच गावरान वाणांच्या बीजबँकेसाठी. त्यांच्या कामापुढे माझे चार वाण म्हणजे काहीच नाही, पण रीत तीच आहे. सर्वांत निरोगी झाडावरचे एक वांगे तोडायचे नाही, ते पिवळे पडून मऊ होईपर्यंत झाडावरच ठेवायचे, मग बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून राखेत मिसळून ठेवायचे. दर वर्षी ते बी थोडे थोडे या वाफ्यांचे होत जाते.

पैशाचा हिशेब मी एक वर्ष वहीत मांडला होता. माती, विटा, सापळे, पाणी आणि खुरपणीला कधीमधी लागलेली बाई धरून, मंडईतली भाजी नक्कीच स्वस्त पडली असती. आमच्या दोघांपुरती पालेभाजी, वांगी, मिरची आणि वेलवर्गीय भाज्या घरच्या होतात. कांदे-बटाटे आजही विकतच आणते. दोन एकरांवर पोट असलेल्या माणसाला माझी पद्धत जशीच्या तशी झेपणार नाही, कारण सुरुवातीला उत्पन्न घटते आणि त्या दिवसांत हप्ते थांबत नाहीत. तेव्हा मी त्या मळेकऱ्यांना उपदेश केला नाही. बी मात्र दिले, आणि ते त्यांनी घरच्या वाफ्यात लावले.

यंदा भोगीच्या आदल्या दिवशी ते हरभऱ्याचे डहाळे आणि पावट्याच्या शेंगा घेऊन आले. भोगीच्या भाजीला लागतील म्हणून मी त्यांच्यासाठी पाच वांगी तोडून ठेवली होती. त्यांनी सवयीने एकेक वांगे फिरवून पाहिले, भोक असलेली दोन्ही आधी पिशवीत टाकली आणि एक अगदी तुकतुकीत वांगे माझ्या हातात परत दिले. “ह्यात हाय बघा,” ते म्हणाले. ते गेल्यावर मी ते वांगे विळीवर उभे चिरले. आत काहीच नव्हते.